मोठ्या शेतांवर कामाचा वेग ठरतो कुठे? मजूर, मुकादम, माप आणि मजुरी

तिफण

मोठ्या शेतांबद्दल बोलणं निघालं की गाडी वाण, ठिबक, यंत्रं आणि बाजारभाव यांवरच फिरत राहते. जिथं एका हंगामात शेकडो माणसं राबतात, तिथं त्यांना कामावर कसं घेतलं, सऱ्या कुणी वाटल्या, माप कुणी घेतलं, पैसे कधी हातात पडले, यावर कुणी बोलत नाही. "मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तर काम करत नाहीत" एवढ्यावर विषय संपतो. मला हे पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

मी फळबागा आणि भाजीपाल्याच्या मोठ्या शेतांवर भरती, हजेरी आणि मजुरीचं काम बघतो. माझं ठाम मत असं झालंय की मजुराचा वेग त्याच्या ताकदीवर किंवा स्वभावावर जेवढा अवलंबून असतो, त्याहून जास्त आपण त्याच्याभोवती लावलेल्या नियमांवर असतो. तीच टोळी, तेच पीक, तोच आठवडा. एका ब्लॉकमध्ये क्रेट भराभर भरतात, दुसऱ्यात दुपारपर्यंत काम रेंगाळतं. दोन्हीकडे जाऊन पाहिलं की फरक सापडतो आणि तो बहुतेक वेळा साधाच असतो. एकीकडे आजचा दर सकाळीच सांगितलेला असतो, दुसरीकडे तो संध्याकाळी कळणार असतो. एकीकडे रिकामे क्रेट सरीच्या तोंडाशी ठेवलेले असतात. दुसरीकडे माणूस भरलेला क्रेट घेऊन काट्यापर्यंत जातो, रांगेत उभा राहतो, आणि रिकामा क्रेट शोधत परत येतो. त्या वेळात त्यानं काय तोडायचं?

कारखान्याचे नियम शेतावर जसेच्या तसे चालत नाहीत. कारखान्यात काम माणसापाशी येतं आणि वेग यंत्र ठरवतं. शेतात माणूस कामापाशी जातो, माणसं एकरच्या एकर पसरलेली असतात आणि एका नजरेत कुणालाच दिसत नाहीत. एका सरीत फळ लगडलेलं असतं, शेजारच्या सरीत विरळ. म्हणजे कोणी किती तोडलं यावरून कोणी किती मेहनत केली हे थेट कळत नाही. त्यात माल नाशवंत. आज पिकलेलं फळ "पुढच्या आठवड्यात व्यवस्था सुधारू" म्हणून थांबत नाही. हंगाम छोटा असल्यामुळे एकमेकांवर विश्वास बसायलाही फार वेळ मिळत नाही. तो पहिल्या दोनचार दिवसांत बसला तर बसला.

तुमच्याकडचा अनुभव लिहा. "माणसं चांगली वागवली पाहिजेत" एवढंच नको. नेमकं काय बदललं आणि कामात काय फरक पडला, ते वाचायला आवडेल.

रानवारा

चांगला विषय. मी एका मोठ्या फळबागेचं व्यवस्थापन पाहतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

माझा अनुभव सरळ आहे. रोजंदारीवर माणूस दिवस भरतो, किलोमागे दर लावला की तोच माणूस धावतो. ज्याला जास्त कमवायचं आहे तो जास्त तोडेल, ज्याला नाही तो नाही. यात मनुष्यबळ विभागाचं काम हजेरी मांडणं आणि पैसे देणं एवढंच उरतं.

अडचण येते ती दर्जाची. किलोवर काम दिलं की कच्चं फळ खुडलं जातं, देठ तुटतो, डाग पडतो. तोडणीत ते निदान क्रेटमध्ये दिसतं तरी. छाटणीत मात्र घाईघाईनं मारलेल्या कापाचं नुकसान पुढच्या हंगामात कळतं आणि तोवर ती टोळी निघून गेलेली असते. म्हणून आम्ही तोडणी किलोवर आणि छाटणी रोजावर ठेवतो. याहून वेगळी काही जादू असेल असं मला वाटत नाही.

पाभर

रानवारा, किलोमागे दर लावला की वेग वाढतो हे खरंच आहे आणि त्याला आधारही आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये रोपं लावणाऱ्या मजुरांवर ब्रूस शिअरर यांनी प्रत्यक्ष प्रयोग केला. तीच माणसं काही दिवस ठरलेल्या रोजावर, काही दिवस रोपामागे दरावर. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोपामागे दर असताना काम सुमारे २०% जास्त झालं.

पण "दर लावा, बाकी आपोआप" इथं मी असहमत आहे. दर कसा लावला यावर सगळं फिरतं. ओरियाना बंदिएरा, इवान बारांकाय आणि इम्रान रसूल या तिघांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या फळांच्या शेतावर हंगामी मजुरांचा बारकाईनं अभ्यास केला. मला माहीत असलेल्यांत या विषयावरचं ते सगळ्यांत उपयोगी काम आहे.

त्या शेतावर सुरुवातीला किलोमागचा दर त्या दिवशीच्या सगळ्यांच्या सरासरी वेगावर ठरत असे. सगळे जोरात तोडू लागले की दर खाली, सगळे हळू तोडू लागले की दर वर. कागदावर हुशारीची पद्धत. मालकाला वाटतं, शेत लगडलेलं असो की विरळ, मजुरीचा खर्च आटोक्यात. प्रत्यक्षात काय होतं? मी जोरात तोडलं तर माझ्या शेजारच्या मैत्रिणीचा दर पडतो. म्हणून मी हात आवरता घेते. हंगामाच्या मध्यावर मालकानं ही पद्धत सोडली आणि साधा किलोमागे दर लावला. माणसं तीच होती, तरी माणशी काम किमान ५०% वाढलं.

यातली खरी गंमत पुढे आहे. हात आवरण्याचा प्रकार ओळखीची माणसं शेजारी असताना जास्त होता. आणि ज्या फळाची झुडपं उंच, दाट होती, जिथं शेजारचा किती तोडतोय हे दिसतच नव्हतं, तिथं तो आढळलाच नाही. म्हणजे मजुरांचा दर एकमेकांशी बांधला गेला, आणि माणसं एकमेकांशी माणसांसारखी वागली. याला आळस म्हणणं चूक आहे.

याच मंडळींचा २०१३ चा आणखी एक अभ्यास गटानं काम करणाऱ्यांवर होता. गटांच्या क्रमवारीचा तक्ता लावला, "तुमचा गट कितवा" एवढंच दाखवलं, तर सरासरी काम १४% नी घटलं. त्या क्रमवारीला बक्षिसाची जोड दिली तेव्हा मात्र २४% वाढलं. तक्ते लावायची हौस असलेल्या सगळ्या व्यवस्थापकांनी हे आधी वाचावं.

ओंजळ

मी तोडणीही केलेली आहे आणि नंतर काट्यावर नोंदीही केल्या आहेत, म्हणून दोन्हीकडचं लिहिते.

वर सगळे दराबद्दल बोलताहेत. मजूर आधी मापाबद्दल बोलतो. मापात पाप असेल तर दर कितीही चांगला असू दे, काही उपयोग नाही.

काट्यावर काय काय होतं ते सांगते. क्रेटचं वजन वजा करतात. पण क्रेट दोन प्रकारचे असतात, जुने जड आणि नवे हलके, आणि वजावट मात्र सगळ्यांना जड क्रेटचीच. दहिवराच्या वेळी माल ओला असतो, तेव्हा "पाण्याचे" म्हणून अंदाजानं काही वजा करतात. ती वजावट दुपारी माल वाळल्यावरही चालूच राहते. अर्ध्या किलोच्या आतला आकडा नेहमी खाली धरतात, वर कधीच नाही. काट्याचा आकडा नोंदणाऱ्याच्या बाजूला असतो, क्रेट आणणाऱ्याला दिसत नाही. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटेल. पण क्रेट उचलून आणणाऱ्या बाईच्या हाताला वजन कळत असतं. रोज तेच ओझं उचलणाऱ्याला अदमास लागतोच.

आणि शंका आली की ती काय करते? भांडत नाही. भांडली तर उद्या तिला विरळ सरी मिळेल. ती वेग कमी करते. "एवढंच धरणार असतील तर एवढंच तोडायचं." मग वर बसलेले म्हणतात, दुपारनंतर बायका ढेपाळतात.

एका शेतावर हे बदललेलं मी जवळून पाहिलं. काटा दोन्ही बाजूंनी दिसणारा आणला. क्रेट सगळे एका वजनाचे केले. प्रत्येक वजनाची चिठ्ठी दोन प्रतींत, एक मजुराकडे. आणि सऱ्या वाटायचं काम मुकादमाच्या मर्जीवर न ठेवता सकाळी चिठ्ठ्या टाकून करायला सुरुवात केली. दर एक पैसाही वाढवला नव्हता. पहिले दोन दिवस बायका स्वतःच्या चिठ्ठ्या जोडून बघत होत्या, शेजारणीशी ताडून बघत होत्या. तिसऱ्या दिवसापासून ते थांबलं आणि दुपारचं काम सकाळसारखंच व्हायला लागलं. काट्यावरची कुरबूरही गेली, त्यामुळे रांग छोटी झाली, हा वेगळा फायदा.

रानवारा, तुम्ही म्हणता मनुष्यबळ विभागाचं काम हजेरी मांडणं एवढंच. हजेरी आणि माप खरं मांडणं हेच सगळ्यांत मोठं काम आहे, असं मी म्हणेन.

तिफण

ओंजळताई, हेच वाचायचं होतं. वजावटीचा प्रकार मीही पाहिलाय. बहुतेक ठिकाणी मालकाला त्याची कल्पनाही नसते. तो खालच्या खाली जिरतो.

याच्या जोडीला एक उदाहरण. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांच्या संघटनेनं, कोअ‍ॅलिशन ऑफ इमोकली वर्कर्सनं, 'फेअर फूड प्रोग्रॅम' उभा केला. २०११ पासून तो तिथल्या बहुतेक टोमॅटो शेतांवर लागू झाला. त्यात मोठे खरेदीदार पौंडामागे थोडी जास्त रक्कम देतात आणि ती मजुरापर्यंत पोचते, हे अनेकांना माहीत असतं. मला महत्त्वाचा वाटतो तो बादलीचा नियम. आधी बादली काठाच्या वर शीग लावून भरून मागायचे आणि पैसे एकाच बादलीचे. नियमानं बादली कुठवर भरायची हे ठरवून टाकलं, शीग बंद. आणि कामाचे तास मोजायची यंत्रणा आली, म्हणजे दव सुकेपर्यंत शेताच्या कडेला थांबवून ठेवलेला वेळही हिशेबात आला. शीग कितीची हा रोजचा वाद एका नियमानं मिटला.

रानवारा

मापाचा मुद्दा मान्य. आमच्याकडे काट्याचा आकडा एकाच बाजूला दिसतो. त्यामागे हेतू काही नाही, काटाच तसा आहे. पण बघणाऱ्याला हेतू कसा कळणार, हेही खरं.

दर्जाचा प्रश्न मात्र उरतोच. त्यावर कुणाकडे काही ठोस आहे का?

पाभर

आहे. दर्जा दराच्या गणितात घातला तर तो मिळतो, नंतर ओरडून मिळत नाही. क्रेट काट्यावर येण्याआधी त्यातली ठरावीक फळं बाहेर काढून तपासायची, आणि "स्वीकार" म्हणजे काय याचे नमुने टेबलावर ठेवायचे: हे चालेल, हे चालणार नाही. तोंडी सांगितलेला दर्जा प्रत्येक मुकादमागणिक बदलतो, टेबलावरचं फळ बदलत नाही. मात्र क्रेट नाकारला तर त्याच वेळी, त्याच माणसासमोर. संध्याकाळी एकूण वजनातून "खराब मालाचे" म्हणून सरसकट टक्केवारी कापली, तर चांगला माल आणणाऱ्यालाही तीच शिक्षा. मग चांगला माल कोण आणील?

छाटणीबाबत तुमची भीती रास्त आहे, पण ती अटळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ग्रेगरी बिलिकॉफ यांनी द्राक्षवेलींच्या छाटणीत दोन्ही पद्धती तपासल्या होत्या. वेलीमागे दरावर काम करणारे वेगानं छाटत होते आणि दर्जा त्यामानानं घसरलेला नव्हता. दर्जा टिकवायचा तर ओळ संपताच तपासणी हवी, आठवड्यानं नको.

दावण

मी दुग्धशाळेवाला, हजारभर जनावरांचा गोठा. आमच्याकडे लिटरमागे दर वगैरे लावताच येत नाही, कारण दूध गाय देते, माणूस काढतो. तरीही कामाचा दर्जा माणसाच्या हातात असतोच. फरक पडतो तो शिकवण्यात.

पार्लरमध्ये, म्हणजे यंत्रानं दूध काढायच्या जागी, धार काढण्याआधीचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या चिळकांड्या काढून दूध तपासायचं, सड औषधात बुडवायचे, तीसएक सेकंद थांबायचं, स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग दूध ओढणारं युनिट लावायचं. पहिल्या स्पर्शापासून युनिट लावेपर्यंत साधारण ६० ते ९० सेकंद जावे लागतात, कारण पान्हा सुटायला तेवढा वेळ लागतो. घाईनं युनिट लावलं तर यंत्र रिकाम्या सडावर ओढत राहतं, सडाचं टोक दुखावतं, आणि पुढे कासदाह.

आता नवा माणूस हे कुणाकडून शिकतो? आदल्या आठवड्यात आलेल्याकडून. प्रत्येक हस्तांतरणात एखादी पायरी गळते. आधी थांबण्याचे सेकंद कमी होतात, मग पुसणं एका फडक्यानं चारपाच गायींचं होतं. कुणीही मुद्दाम करत नाही. वरून "तासाला एवढ्या गायी झाल्याच पाहिजेत" असा तगादा असला की जे दिसत नाही ते आधी जातं. आणि दोष मात्र "रात्रपाळीची पोरं" म्हणून लागतो.

आम्ही शिकवण्याची जबाबदारी ठरलेल्या दोघांकडे दिली, त्यांना त्या वेळेचे वेगळे पैसे दिले, आणि दुधातल्या पेशींचा अहवाल (पेशी वाढल्या म्हणजे कासेत दाह) ऑफिसात न ठेवता पार्लरच्या भिंतीवर लावायला लागलो, तोही पाळीनुसार नाही तर संपूर्ण गोठ्याचा. पेशी वाढल्या की सगळे मिळून क्रम पुन्हा तपासतात. पाळ्यांची आपसात तुलना आम्ही मुद्दाम टाळली. पाभरनी दिलेला तक्त्याचा किस्सा वाचून ते बरंच केलं असं वाटलं.

आणखी एक. ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ आणि ग्रॅहम कोलमन यांनी जनावरं हाताळणाऱ्यांवर बरंच काम केलंय. ढकलणं, फटके, आरडाओरड यांनी गायी माणसाला घाबरतात, आणि घाबरलेली गाय दूध कमी देते. माणसांना शिकवून ही वागणूक बदलता येते, त्यानं जनावरांची भीती कमी होते, हे त्यांनी दाखवलं. यात मी माझी भर घालतो: ज्या पाळीचा मुकादम माणसांवर खेकसतो त्या पाळीत गायींवरही ओरडणं जास्त असतं.

कोवळं_ऊन

मी शेतमजुरांच्या आरोग्यावर काम करते. या धाग्यात अजून ऊन आलेलं नाही, म्हणून लिहिते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अहवालात अंदाज होता की २०३० पर्यंत उष्णतेमुळे जगभरातले २.२% कामाचे तास वाया जातील, म्हणजे ८ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके, आणि त्यातले ६०% एकट्या शेतीतले. हा फार मोठा आकडा आहे आणि तो मजुरांच्या अंगावरून जातो.

किलोमागे दर आणि ऊन यांची गाठ पडली की माणूस पाणी प्यायलाही थांबत नाही. थांबणं म्हणजे पैसे बुडणं. लघवीला जावं लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, कारण शौचालय शेताच्या दुसऱ्या टोकाला. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या तपासण्यांत दरावर काम करणाऱ्यांमध्ये एका पाळीतच मूत्रपिंडावर ताण आल्याची लक्षणं जास्त आढळली आहेत. दुपारनंतर वेग पडतो तो अशानंही पडतो.

तिथंच २००५ मध्ये उन्हात काम करणाऱ्यांसाठी नियम आला. माणशी ताशी जवळजवळ एक लिटर पिण्याचं पाणी, आणि मागेल तेव्हा सावलीत थांबण्याची मुभा. पुढे त्यात भर पडत गेली. तापमान साधारण २७ अंश सेल्सियसच्या वर गेलं की सावली उभारलेलीच हवी, आणि ३५ अंशांना शेतीकामात दर दोन तासांनी किमान १० मिनिटं विसावा. पण दरावर काम करणाऱ्याला विसाव्याचे पैसे कोण देणार? २०१६ पासून तिथल्या कायद्यानं सांगितलं की विश्रांतीच्या वेळेची मजुरी तोडलेल्या मालाच्या मजुरीहून वेगळी मोजून द्यायची. माझ्या दृष्टीनं ही या विषयातली सगळ्यांत नेमकी दुरुस्ती आहे. नुसती सावली उभारून माणूस सावलीत येत नाही.

जे डोळ्यांना दिसत नाही त्याचाही परिणाम होतो. कॅलिफोर्नियाच्याच सेंट्रल व्हॅलीतल्या मजुरांवर जोशुआ ग्राफ झिविन आणि मॅथ्यू नायडेल यांचा २०१२ चा अभ्यास आहे. जमिनीलगतच्या हवेतला ओझोन, म्हणजे प्रदूषणानं वाढणारा वायू, १० पीपीबीनं (अब्ज भागांत १० भागांनी) कमी झाला की काम ५.५% नी वाढलं. तिथला ओझोन बहुतेक दिवस सरकारी मर्यादेच्या आतच होता आणि मजुरी दरावर होती, म्हणजे कमी काम करण्यात मजुराचा काही फायदा नव्हता. अशा दिवशी मुकादमाला काय दिसतं? "आज सगळे सुस्त आहेत." सकाळी लवकर काम सुरू करून दुपारी थांबणं हा निर्णय कामाच्या वेळापत्रकाचा आहे. तो मजूर घेऊ शकत नाही, व्यवस्थापनच घेऊ शकतं.

सडा

मला फक्त पैशांच्या वेळेबद्दल म्हणायचंय. मजुरी दर आठवड्याला ठरल्या वारी मिळाली तर माणूस टिकतो. "माल विकला की देऊ" म्हटलं की चांगली माणसं आधी जातात, कारण त्यांनाच दुसरीकडे काम मिळतं. मागे उरतात ती ज्यांनी उचल घेतलेली आहे आणि जाऊ शकत नाहीत ती. मग त्यांच्या वेगावरून "मजूर असेच असतात" म्हणायचं, हा अन्याय आहे. उचल देऊन माणूस बांधता येतो, त्याचं मन बांधता येत नाही.

तिफण

सडा, अगदी बरोबर. उचल घेतलेल्या माणसाला उद्या काम सोडायची धमकी देता येत नाही, म्हणून त्याच्या तक्रारी वर येतच नाहीत, आणि व्यवस्थापनाला वाटतं सगळं आलबेल आहे.

आता मुकादमाकडे येतो, कारण सगळे धागे त्याच्यापाशी जुळतात. मोठ्या शेतावर मालक किंवा व्यवस्थापक मजुराला क्वचितच भेटतो. मजुराच्या दृष्टीनं मुकादम म्हणजेच शेत. कुणाला कुठली सरी, कुणाला आधी रिकामा क्रेट, कुणाला उद्या यायला सांगायचं, हे सगळं त्याच्या हातात.

पाभरनी सांगितलेल्या ब्रिटनच्या शेतावर पुढे मुकादमांच्या पगाराची पद्धतही बदलली. आधी ठरलेला पगार होता, नंतर टोळीच्या सरासरी कामावर बोनस लावला. मजुरांचं सरासरी काम २१% वाढलं. ठरलेल्या पगारावर असताना मुकादम आपल्या ओळखीच्यांकडे, एका देशाच्या, एका वस्तीतल्या मजुरांकडे जास्त लक्ष देत. बोनस आल्यावर लक्ष वेगवान हातांकडे गेलं, ओळखीचा असो वा नसो. वशिला कमी झाला हे चांगलंच. पण हळू तोडणाऱ्यांना मदत कमी मिळाली, काहींना कामावर बोलावणंच कमी झालं, आणि मजुरांच्या कामातली तफावत वाढली. ही किंमतही नीट बघावी. नवशिक्यांना शिकवायला मुकादमानं वेळ द्यावा असं वाटत असेल तर बोनसमध्ये फक्त सरासरी वजन धरून चालणार नाही. नवा माणूस टिकला का, मागच्या हंगामातली किती माणसं परत आली, हेही त्यात यायला हवं.

मुकादम निवडायची आपली पद्धतही बघा. जो सगळ्यांत जोरात तोडतो त्याला मुकादम करतात. तो तोडणीतून जातो आणि माणसं सांभाळायचं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. एका वेळी दोन्हीकडचं नुकसान.

भरतीबद्दल थोडंच. मुलाखतीत शेतकामाचं काही कळत नाही. अर्धा दिवस प्रत्यक्ष काम द्यावं, त्याची पूर्ण मजुरी द्यावी, आणि वेगाबरोबर हात कसा चालतो तेही बघावं. "चाचणी" म्हणून फुकट राबवून घेणारी शेतं मी पाहिली आहेत. तिथली माणसं पहिल्याच दिवशी मनातून निघून गेलेली असतात.

पाभर

एक सावधगिरीची गोष्ट, नाहीतर आपण सगळे सुधारणांच्या भरात वाहून जाऊ. भारतातल्या एका चहाच्या मळ्यावर जयरामन, राय आणि द व्हेरिकूर यांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पत्ती खुडणाऱ्यांची मूळ मजुरी सरकारी नियमामुळे वाढली आणि वरचा किलोमागचा दर काही ठिकाणी कमी झाला, काही ठिकाणी तसाच राहिला. हिशेबानं काम वाढायचं कारण नव्हतं. तरी पुढच्या महिन्यात उत्पादन २० ते ८०% वाढलं. आणि त्यानंतरच्या महिन्यांत ती वाढ पूर्णपणे ओसरली.

यावरून मजुरी वाढवू नये असं मी अजिबात म्हणत नाही. मजुरी वाढवायची ती न्याय्य आहे म्हणून. पण कुठलाही बदल केल्यावर पहिल्या महिन्याचे आकडे बघून निष्कर्ष काढू नका, हंगामभर मोजत राहा. ओंजळताईंच्या चिठ्ठ्यांसारख्या गोष्टींचा परिणाम टिकतो, कारण त्या रोज दिसतात आणि रोज तपासता येतात, असं माझं मत आहे.

रानवारा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. तोडणी तोंडावर आहे, सगळं एकदम बदलणं शक्य नाही. तिफण, ओंजळताई, या हंगामापुरतं निवडायचं तर काय आधी घ्याल?

तिफण

कामाला हात लावायच्या आधी दर सांगणं आणि काटा मजुराकडे वळवणं. दोन्हीला फारसा खर्च नाही. त्याच्यापाठोपाठ मजुरीचा वार पक्का करा आणि तो चुकवू नका, माल विकला गेलेला असो वा नसो. मुकादमांच्या बोनसला यंदा हात लावू नका. घाईत बदललेला बोनस निस्तरायला अख्खा हंगाम जातो.

कोवळं_ऊन

आणि पाण्याचे पिंप सरीच्या टोकाशी न्या, काट्यापाशी नकोत. काट्यापाशी माणूस घाईत असतो.

ओंजळ

तिफणदादांशी सहमत. रानवारा, चिठ्ठ्या सुरू करणार असाल तर छोट्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरच्या देऊ नका. ती छपाई उन्हात आणि घामट खिशात उडते, संध्याकाळी कोरा कागद हातात राहतो आणि पुन्हा भांडण. साधं कार्बनचं पुस्तक घ्या, आकडा हातानं लिहा, आणि क्रेट आणणाऱ्याला तो मोठ्यानं वाचून दाखवा. पुष्कळ जणींना अक्षर वाचता येत नाही, आकडा ऐकून मात्र पक्का लक्षात राहतो.